जंजिरा, इयत्ता चौथी

विश्वामित्रीच्या काठची माती रमणभाईंनी आणली,
दोन घमेली, आणि वर ताकीद:
"बेन, हवे नहीं जाउं. मगर हतो, आ टेबल जेवडो."

बाबाजीपुऱ्यातल्या आमच्या मराठी शाळेत
चौथीला आता सतरा मुलं उरलीत.
किल्ल्याला पुरतात.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शनिवार.
मी म्हटलं होतं, कुठलाही करा.
शिर्क्यांच्या ओजसने कुणाला विचारलं नाही. जंजिरा.
त्याच्या मामाने मुरुडहून फोटो पाठवलेत.
तोफा रिकाम्या रिळांच्या,
बुरूज आइस्क्रीमचे कप उलटे थापून,
हवेत एकोणीस, कप नऊच.

मावळे सगळ्यांनाच व्हायचं होतं.
मग ओजसने बोट केलं,
निर्मळपणे, फळा पुसायला
उंच मुलगी निवडावी तसं:
"जैनब सिद्दी. तिचं आडनावच आहे, बाई."

जैनबची आई मोठ्या दवाखान्यात रात्रपाळीला.
शाळा जवळ, म्हणून मराठी.
चमच्याचा च आणि चिमणीचा च
तिला माझ्या लेकीपेक्षा नीट जमतात.
ती हलली नाही. हात मातीत, मनगटापर्यंत.
मी शत्रू का, असं नाही विचारलं तिने.
विचारलं, "ते तिथे आले कुठून?"

बावीस वर्षं झाली शिकवून,
आणि माझ्याकडे उत्तर म्हणून एकच शब्द होता,
जो आत्या मला म्हणायची
उन्हातून खेळून आले की.
तो मी तोंडातच धरून ठेवला,
खडू मोडल्यावर तुकडा धरतो तसा.

पिशवीत निळी साडी होती, फॉल लावायला द्यायची.
कडुलिंबापासून नळापर्यंत अंथरली.
हा समुद्र. नळाशी आफ्रिका.
समुद्र कमी पडला, तेजलने रेनकोट जोडला.
पाठकोऱ्या कागदांच्या होड्या झाल्या,
दोन बुडाल्या, कोरड्यातच.

मी सांगत गेले, ठाऊक होतं तेवढं:
कुणी खलाशी होऊन आले, कुणी शिपाई,
कुणी व्यापाराला,
आणि कुणाला बांधून आणलं, विकलं.
खंभातचे अकीक मणी इथून तिकडे जायचे.
मंगळबाजारातून आणलेली पुडी मी सोडली,
म्हटलं, घ्या, भरा होड्या.

कौस्तुभ, पाढ्यांत पहिला, थांबला.
"बाई, एका माणसाला किती मणी?"

सोळा पेन्सिली वर झाल्या.
मी म्हटलं, हे चूक आहे.
"उत्तर, की गणित?"
गणित.
त्याने मूठ मिटली. होडीत काही टाकलं नाही.

जैनबने एक मणी उचलला,
दातावर टिचवून पाहिला.
"हा काचेचा आहे, बाई.
माझ्या नानांच्या गावी डोंगरात खरा मिळतो,
भाजला की लाल होतो."
आणि पुडी मला परत दिली,
दुकानदारीण खोटी नोट परत देते तशी, न रागावता.

मग ती किल्ल्याकडे गेली.
तोफांकडे बघितलं नाही.
बुरुजांच्या मधोमध अंगठ्याने खड्डा केला,
खोकल्याच्या औषधाचं झाकण बसवलं त्यात,
नळावर गेली, साडीला वळसा घालून,
ओंजळ सांडत आली, झाकण भरलं.
"चारी बाजूंनी खारं," म्हणाली, "पितील काय?"

आहे तिथे. गोड्या पाण्याचं तळं,
ऐन समुद्रात.
मामाच्या फोटोतही असणार.
आम्ही बुरूज मोजत होतो.

घंटा झाली. रमणभाई झाडू घेऊन उभे.
साडीवर मातीची पावलं, धुतली तरी
कडेला एक राहीलच.
ओजस अजून उकिडवा बसलेला,
हातात मावळा, ढाल तुटलेला.
बराच वेळ त्या झाकणाकडे बघत होता.
"जैनब, ह्याला तहान लागलीय. आत येऊ दे?"

तिने विचार केला. खरंच केला,
ओठ आत ओढून.
"होडी कर आधी," म्हणाली.